अप्पांची केबल आणि माझा लॅपटॉप

माझं माहेर उदगीरचं. लग्न होऊन भालकीला आले तेव्हा माझ्याजवळ कंप्युटरची पदवी होती, दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव होता आणि कन्नडमधली चार वाक्यं होती. नवरा औरादकडच्या एका शाळेत शिक्षक. तो सकाळच्या बसनं जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. मला बसस्टँडजवळच्या कंप्युटर सेंटरात शिकवायचं काम मिळालं, तेही दुपारी दीडपर्यंतचंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्यामुळं दुपारनंतर घरी आम्ही दोघंच असायचो, मी आणि माझे सासरे.

सासऱ्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते, मीही अप्पाच म्हणते. ते मला ‘माय’ म्हणतात. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे अप्पा पहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी उदगीर रोडला घरासमोरच पत्रे ठोकून गॅरेज सुरू केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. कुठली बेअरिंग वाजते, कुठला व्हॉल्व्ह सैल आहे हे ते असंच सांगायचे आणि ते चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पण नव्या गाड्या यायला लागल्या तसं गिऱ्हाईक कमी झालं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, गाडी जोर धरायची नाही, आणि इंजिनाला कान लावून काही कळायचं नाही. अप्पा बॉनेट उघडायचे, बराच वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, “बिदरला न्या. मशीन लावून बघतील.” गाडी निघून गेली की हात पुसत बाकड्यावर बसायचे. हात मळलेलेच नसायचे, तरी पुसायचे.

एका दुपारी मी चहा घेऊन गॅरेजात गेले तर ते मांडीवर एक जाडजूड जुना लॅपटॉप घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी त्यावर फडकं टाकलं.

“कुणाचा हो?”

“आपलाच हाय.” थोडं थांबून म्हणाले, “दोन हप्ते चालला. मग गप झाला तो झालाच.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोलापुरातल्या एका ओळखीच्या माणसानं गॅरेज बंद केलं, तेव्हा त्याच्याकडून अप्पांनी गाडी तपासायचं सामान घेतलं होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढी एक काळी डबी, तिच्या एका टोकाला स्टेअरिंगखाली बसणारा रुंद प्लग, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपची केबल. सोबत सॉफ्टवेअरची सीडी, जुन्या विंडोजची सीडी आणि हा लॅपटॉप. घरात कुणालाच बोलले नव्हते. लॅपटॉपचा बोर्ड जळाला तेव्हा ते गुपचूप बिदरला जाऊन आले. दुकानदारानं सांगितलं, याचे पार्ट मिळत नाहीत, हे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं आणि नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज बसत नाही. घेऊन जा आणि कपाटात ठेवा. अप्पांनी तसंच केलं होतं.

“मला कामून सांगितलं न्हाई?” मी विचारलं. इतक्या वर्षांत माझी बोलीही इकडचीच झाली आहे, उदगीर काही लांब नाही.

“काय सांगू माय. लोक म्हणले असते, म्हातारा कंप्युटर शिकायला गेला आन् फसून आला.”

मी डबी आणि सीड्या घेऊन घरात आले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दोन तासांचं काम आहे.

माझा लॅपटॉप नवा होता. त्यात सीडी घालायला जागाच नव्हती, म्हणून सेंटरातल्या जुन्या मशीनवर दोन्ही सीड्यांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. सॉफ्टवेअर बसायला गेलं आणि अर्ध्यावर थांबलं. केबलचा ड्रायव्हर इतका जुना होता की नवी विंडोज त्याला उंबऱ्याच्या आत घेईना. सेंटरच्या मालकांचा लॅपटॉप मागून आणला, तर त्याच्या प्रोसेसरची जातच निराळी, त्यावर जुनी विंडोज बसायलाच तयार नव्हती. नवऱ्याचा लॅपटॉप तर शाळेची हजेरी भरतानाच धापा टाकायचा. घरात आणि कामावर मिळून तीन लॅपटॉप आणि तिन्ही बिनकामाचे.

तेव्हा मला व्हर्च्युअल मशीन आठवलं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला तो धडा होता, परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं, पण करून कधी बघितलं नव्हतं. आपल्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम चालवायचा. तो खोटा कंप्युटर उभा करतो आणि त्या खोट्या कंप्युटरवर पाहिजे ती जुनी विंडोज बसवता येते. जुन्या विंडोजला पत्ताच नसतो की आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय. लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये त्याची परवानगी बंद होती, ती शोधून चालू केली. दोन-तीन दुपारी लागल्या. शेवटी माझ्या स्क्रीनवरच्या एका चौकोनात हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उमटलं, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असायचं तसंच.

अप्पांना बोलावून दाखवलं. म्हणाले, “हे काय हाय?”

“लॅपटॉपच्या पोटात दुसरा जुना लॅपटॉप बसवलाय, अप्पा.”

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “म्हंजी लॅपटॉप गाभण हाय म्हण की.”

सॉफ्टवेअर आत नीट बसलं, उघडलं. पण ते एकाच कंपनीच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी होतं आणि तसली गाडी तेव्हा गॅरेजात नव्हती. डबीला वीज गाडीतूनच मिळते, त्यामुळं गाडीशिवाय काहीच तपासता येईना. मी ते तसंच ठेवलं. महिनाभर कुणी त्याचं नाव काढलं नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी एक करड्या रंगाची गाडी बैलगाडीच्या चालीनं गॅरेजात शिरली. चालवणारी साठीची बाई. कपाळावर विभूती, इरकल साडी, पायात बूट. या अक्का आळंद तालुक्यातल्या खजुरीच्या. गावात त्यांचं बी-बियाणांचं दुकान. माहेर भालकीचं, आणि त्यांच्या भावाची जीप अप्पा पूर्वीपासून बघायचे, म्हणून त्या आल्या होत्या.

“अण्णा, चाळीसच्या पुढं जाईना ओ,” अक्का म्हणाल्या. “खजुरीहून इथवर यायला सगळी सकाळ गेली.”

त्यांच्या यजमानांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला होता. दर सोमवारी अक्का त्यांना व्यायामाच्या डॉक्टरांकडं सोलापूरला न्यायच्या. यजमानांना बसमध्ये चढवता येत नाही, आणि भाड्याच्या गाडीवाल्यांना उचलून बसवण्याचं काम नको असतं. अक्का त्यांच्यासाठीच, साठीला टेकताना गाडी शिकल्या होत्या. आता यजमानांची उजव्या हाताची बोटं हलायला लागली होती आणि नेमकी गाडी रुसली. तीन सोमवार चुकले होते.

“कलबुर्गीत दोन मोठ्या ठिकाणी दाखवलं. एकजण म्हणतो इंजिनचा कंप्युटर गेलाय, ह्या गाडीचा आता मिळत न्हाई. दुसरा म्हणतो मोडीत घाला. डॉक्टर म्हणतेत, आता खंड पडू देऊ नका. मी काय करू?”

अप्पांनी बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं. “इंजिन ठणठणीत हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. मी गाडीच्या नावाकडं बघत होते. ही तीच कंपनी होती.

लॅपटॉप आणला, डबी स्टेअरिंगखाली लावली, पोटातली विंडोज चालू केली. सॉफ्टवेअरनं दोन मिनिटं शोधलं आणि लिहिलं, केबल सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तोवर शेजारचा स्पेअर पार्टवाला आणि त्याच्या दुकानातली दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती.

“अप्पा, गाडी दुरुस्त करायलाव का सिनेमा बघायलाव?” पार्टवाला म्हणाला. सगळे हसले.

माझे कान तापले. इतके दिवस या लोकांसमोरून मी फक्त चहाचा ट्रे घेऊन गेले होते. पहिल्यांदा गाडीत बसले तर हे असं. अप्पांनी त्यांच्याकडं पाठ केली. अक्कांना म्हणाले, “रविवारपतोर गाडी ठेवा. आमच्या सूनबाईला जरा वेळ द्या.”

अक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. “ठेवते,” म्हणाल्या. “पण सोमवारी मला सोलापूर गाठायचंय, बाई.”

शनिवारी वर्ग संपवून जेवणाआधीच गॅरेजात बसले. केबल सापडत नव्हती त्याचं कारण तासाभरात कळलं. बाहेरची नवी विंडोज केबल स्वतःकडंच धरून ठेवत होती, आतल्या जुन्या विंडोजपर्यंत पोचूच देत नव्हती. मी व्हर्च्युअल मशीनला नेमकं सांगितलं की या नावाची केबल लागली की सरळ आत पाठव. लगेच पोटातली विंडोज टुणकन वाजली. सॉफ्टवेअरमध्ये गाडीचा चेसिस नंबर आला, इंजिनाचा प्रकार आला. मी अप्पांना हाक मारली. ते येईपर्यंत सगळं गेलं. केबलचा संपर्क तुटला.

परत लावली, परत आली, परत गेली. दहा-बारा वेळा असं झालं. केबल बदलायला दुसरी नव्हती. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून बघितली. व्हर्च्युअल मशीनमधला केबलचा प्रकार जुना करून बघितला. संध्याकाळ झाली तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, “अप्पा, डबीच खराब असंल. अक्कांना सांगून टाका.”

अप्पा इतका वेळ गाडीच्या दाराला टेकून नुसते बघत होते. त्यांना स्क्रीनवरचं अक्षर वाचता येत नव्हतं, चष्मा तेवढा चांगला नव्हता. ते म्हणाले, “माय, मी मोजायलोय. दर बारीला तेवढ्याच वेळानं तुटायलंय. सैल वायर कवाबी तुटती, तिला घड्याळ नसतंय. हे कुणीतरी तोडायलंय.”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. मोजून बघितलं. खरंच, दर वेळी तेवढाच वेळ.

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून आम्ही दोघं सरळ गॅरेजात आलो. नवऱ्याला सुट्टी होती, स्वयंपाक त्यानं घेतला. ठरावीक वेळानं कोण तोडतं, एवढा एकच प्रश्न डोक्यात ठेवून मी बाहेरच्या विंडोजची एकेक सेटिंग बघत गेले. आणि सापडलं. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप केबलच्या खाचेची वीज आपणहून बंद करत होता. केबल आतल्या विंडोजच्या ताब्यात, म्हणून बाहेरच्या विंडोजला ती झोपलेली वाटायची. ती सेटिंग काढली. केबल लावली. अप्पा मनातल्या मनात मोजायला लागले, त्यांचे ओठ हलत होते. त्यांचा आकडा संपला, दुप्पट झाला, तरी स्क्रीनवरचे आकडे जागचे हलले नाहीत.

“चाललं?” त्यांनी विचारलं.

“चाललं, अप्पा.”

ते लगेच बॉनेटकडं गेले. मी मात्र थोडा वेळ स्टेअरिंग धरून बसले. 

गाडीच्या कंप्युटरनं आपली तक्रार सांगितली. डिझेल किती दाबानं इंजिनात जातंय ते मोजणारा एक सेन्सर असतो, त्याची खबर मधूनमधून तुटत होती. कलबुर्गीवाल्यांनीही हे वाचलं असणार. पण तक्रार पुसली तरी परत येतेय, म्हणून कंप्युटरच गेला, असा त्यांनी निकाल लावला होता. या सॉफ्टवेअरमध्ये त्या दाबाची रेघ चालू इंजिनावर बघता यायची. मी रेघ उघडली. अप्पांना म्हणाले, “मी सांगते, तुम्ही वायरी हलवून बघा.”

इंजिन चालू. मी ड्रायव्हरच्या सीटवर, नजर रेघेवर. बॉनेटच्या आड अप्पांचा फक्त आवाज.

“सेन्सरपाशी हलवायलोय.”

“सरळ हाय.”

“मधल्या क्लिपापाशी.”

“सरळ.”

“बॅटरीच्या मागं, जुडगा वर उचलायलोय.”

रेघ धाडकन खाली आली. इंजिन अडखळलं. “पडली,” मी म्हणाले.

“सोडलो.”

“वर आली.”

“आता?”

“पडली अप्पा. तिथंच हाय.”

तोवर अक्का आल्या होत्या. पार्टवालाही येऊन वाकून बघत होता. अप्पांनी बॅटरी काढली. पूर्वी कधीतरी कुणी बॅटरी बदलताना वायरींच्या जुडग्याची पट्टी परत लावलीच नव्हती. जुडगा बॅटरीच्या लोखंडी बैठकीच्या धारेवर घासत राहिला होता. वरचं आवरण फाटलं होतं आणि आतली एक वायर दोन तारांवर लोंबत होती. उरलेलं तांबं हिरवं पडलं होतं. अप्पांनी ते टोक बोटावर घेऊन अक्कांना दाखवलं. “हा बगा तुमचा कंप्युटर गेलेला.”

पुढचं काम त्यांच्या हातचं होतं. सडलेला तुकडा कापला, नवी वायर डाख देऊन जोडली, वर नळी चढवली, जुडगा धारेपासून दूर बांधला आणि पट्टी लावली. त्यांचे हात इतक्या जलद चालताना मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते. मग मी जुन्या तक्रारी पुसल्या. पिवळा दिवा विझला.

उदगीर रोडला गाडी काढली. अक्का चालवायला, अप्पा शेजारी, मी मागं मांडीवर लॅपटॉप घेऊन. उसाचा ट्रॅक्टर पुढं होता, तो मागं पडला. पन्नास झाले, सत्तर झाले. रेघ सरळ.  वळायचं ठरलेल्या पुलाजवळ अप्पा म्हणाले, “वळवा आता.”

“अण्णा, अजून जरा पुढं जाऊ का?” अक्कांनी विचारलं.

“जावा की.”

पुढच्या गावापर्यंत गेलो. तिथं अक्कांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरल्या, बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मागचं दार उघडून माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. बोटं कडाकडा वाजली.

सोमवारी दुपारी अप्पांच्या मोबाइलवर सोलापूरहून फोन आला. अक्का होत्या. डॉक्टरांकडं वेळेत पोचलो, म्हणाल्या, आणि फोन यजमानांच्या कानाला लावला. त्यांची जीभ अजून जड होती. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला आणि मग एकच शब्द, त्यांच्याकडचा नमस्कार, “शरणु.”

“शरणु अण्णा,” अप्पा म्हणाले. फोन ठेवून ते म्हणाले, “चहा टाक माय. न्हाई, थांब. मीच टाकतो.” त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा त्यांनी चहा केला. साखर फार पडली होती. मी दोन कप प्याले.

ही गोष्ट अक्कांनी आळंद तालुक्यात इतक्या जणांना सांगितली की त्याच कंपनीच्या जुन्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. अप्पांनी गॅरेजात लॅपटॉपसाठी एक लाकडी स्टँड करून घेतला. गिऱ्हाईक विचारायचं, “अप्पा, मशीन आलंय म्हणं?” तर ते माझ्याकडं बोट करायचे. पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो कलबुर्गीचा मेकॅनिक, ज्यानं अक्कांना गाडी मोडीत घालायला सांगितलं होतं. तो एका दुपारी मोटारसायकलवर इतक्या लांब आला. त्याच्याकडंही जुनं सॉफ्टवेअर होतं, चालणारा लॅपटॉप नव्हता. आत यायला लाजत होता. अप्पांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, “चुकतंय माणूस. मीबी आयुष्यभर चुकलोय. बस.”

मी त्याचा लॅपटॉप तिथंच तयार करून दिला. जाताना तो म्हणाला, “मॅडम, आमच्यासारखे लई हायत. शिकवत का न्हाई?”

हे मला सुचलंच नव्हतं. सेंटरच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले, रविवारी खोली रिकामीच असते. पहिल्या रविवारी मला वाटलं तिघं-चौघं येतील. अकरा माणसं आली. भालकीचे, बसवकल्याणचे, दोघं आळंदचे, एक पार अफजलपूरचा. कुणाचे केस पिकलेले, सगळ्यांच्या नखांत काळं तेल, प्रत्येकाजवळ पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप आणि कुठली तरी न चालणारी डबी. बाकड्यांवर ते शाळकरी मुलांसारखे दाटीवाटीनं बसले. पहिल्या बाकड्यावर अप्पा, धुतलेला शर्ट घालून, हातात वही. फळ्यावर मी मराठीत लिहायचे, अडलं की कन्नडमध्ये सांगायचे. माझी चार वाक्यं एव्हाना बरीच वाढली होती. जिथं माझं कन्नड चुकायचं तिथं आळंदचे दोघं गंभीरपणे दुरुस्त करायचे, आणि जिथं त्यांचा लॅपटॉप चुकायचा तिथं मी.

दुपारी आम्ही सगळे अंगणात आलो. तिथं मालकांची त्याच कंपनीची जुनी डिझेल गाडी उभी होती. अफजलपूरच्या मेकॅनिकनं डबी लावली, केबल आत पाठवली आणि मांडीवरच्या लॅपटॉपकडं बघत बसला. बाकीचे दारांतून, काचेतून डोकावत होते. पोटातली विंडोज वाजली. गाडीचा चेसिस नंबर आला. त्यानं तो एकेक अक्षर मोठ्यानं वाचला, आरसी बुकाशी जुळवून बघावा तसा, आणि मान वर करून म्हणाला, “आली ओ मॅडम. गाडी बोलायली.”

कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. “सरक आता,” मागून दुसरा म्हणाला, “माझी डबी लावू दे.”